लेंकरूं कोणीं सांभाळलें?

वर्ध्याचें नांव निघालें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम ठराव उभे राहतात. १९३७ च्या ऑक्टोबरांत भरलेली शिक्षणपरिषद, १९४२ च्या जुलईंत काँग्रेसच्या कार्यकारिणीनें केलेला ठराव, मगनवाडींतील ग्रामोद्योगसंघ, सेवाग्रामची मातीची कुटी, हा इतिहास शाळकरी मुलांसहि तोंडपाठ असतो. परंतु ज्या घरांत या चर्चा चालत, त्यांच्याच पडवींत कोणाचें तरी दोन वर्षांचें मूल त्याच वेळीं पाण्याच्या घंगाळाकडे धांव घेत असलें पाहिजे, आणि कोणी तरी हातांतलें काम टाकून त्याला उचलून घेत असलें पाहिजे. तें उचलून घेणारें माणूस कोण होतें? आई, असें उत्तर चटकन् ओठांवर येतें. पण आई तुरुंगांत असेल, कापसाच्या शेतांत असेल, किंवा सभेंत बसली असेल, तर? प्रस्तुत लेखांत या एका प्रश्नाचा माग वर्धा जिल्हा आणि त्याच्या लगतचा मुलूख एवढ्यापुरता काढून पाहण्याचा विचार आहे.

प्रश्न क्षुल्लक दिसतो, याचें एक कारण आपल्या साधनांत आहे. मध्यप्रांतांतील जातींविषयीं रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं जो चार भागांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जन्माचे, नांव ठेवण्याचे, केस काढण्याचे विधि जातवार मोठ्या कसोशीनें नोंदले आहेत. वाचकानें तीं पानें चाळून पाहावीं. मूल जन्मलें, त्याचें नांव ठेवलें, त्याचें जावळ निघालें, आणि पुढच्या पानावर एकदम त्याचें लग्न झालें! मधलीं वर्षें, म्हणजे मूल उभें राहून चालूं लागतें, दिसेल तें तोंडांत घालतें, विहिरीच्या कांठापर्यंत जातें आणि घरांतल्या मोठ्या माणसास क्षणाची उसंत देत नाहीं तीं वर्षें, कोणत्याच विधींत बसत नसल्यामुळें ग्रंथांतहि बसलीं नाहींत. हा दोष एकट्या इंग्रज अधिकाऱ्यांचा नव्हे. आमच्या बखरकारांनीं तरी दत्तकविधानाखेरीज लहान मुलाकडे कधीं वळून पाहिलें आहे?

या पोकळींत एक समजूत बिनधोक वाढली आहे. पूर्वीं एकत्र कुटुंब होतें, घरांत आजी, आत्या, काकू असत, त्यामुळें मुलें आपोआप वाढत. आतां कुटुंबें लहान झालीं म्हणून आईबापांवर हा भार पडला, असें व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येतें. कोंकणांतल्या किंवा देशावरच्या एकाद्या जुन्या वाड्यापुरतें तें खरेंहि असेल. वर्धा जिल्ह्यास मात्र तें लावतांना जपून लावावें लागतें. हा जिल्हाच मुळीं नवा. नागपूर जिल्ह्यांतून तो १८६२ सालीं वेगळा काढला, आणि वर्धा शहर १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं आखून वसविलें. (मुलांच्या पालनाविषयींच्या लेखास हें नांव फारच सोयीचें आहे, पण त्यावर व्युत्पत्तीचा मनोरा रचण्याचा मोह आम्ही आवरतों.) शहर वसलें तें रेल्वे आणि कापूस यांच्या जोरावर. मारवाडांतून सावकार आले, गुजरातेंतून व्यापारी आले, रेल्वेचे कारकून आले, कोर्टाबरोबर वकील आले, आणि आसपासच्या खेड्यांतून जिनांत व प्रेसांत राबणारे मजूर आले. यांपैकीं कितीकांच्या घरीं आजी होती? आजी गांवीं राहिली होती. अशा घरांत सुनेस पहिलें मूल झालें कीं हाताशीं येणारें माणूस म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण, आणि ती बहुधा दुसऱ्या जातीची, पुष्कळदां दुसऱ्या भाषेचीहि असे.

खेड्यांत तर प्रश्न याहून बिकट होता. वर्धा आणि हिंगणघाट हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या रुईचें नांव एके काळीं विलायतेच्या बाजारापर्यंत पोंचलें होतें. कापसाची वेचणी हें बायांचें काम. लुगड्याची ओटी करून बाई तास धरून पुढें सरकते; तिच्या पाठीवर किंवा कडेवर मूल असेल तर वेचणी निम्म्यावर येते, आणि वेचणीची मजुरी तर वजनावर मिळते. तान्ह्याची सोय एक वेळ होते: धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा निंबाला झोळी बांधली कीं तें तीन-चार तास निजतें. परंतु चालतें मूल झोळींत राहत नाहीं. त्याला घरींच ठेवावें लागतें, आणि घरीं त्याला सांभाळणार कोण? तर सहा-सात वर्षांची त्याची बहीण. कडेवर आपल्याहून निम्म्या वजनाचें भावंड घेऊन एका बाजूस कलून उभी असलेली ती पोरगी विदर्भाच्या कोणत्याहि खेड्यांत कालपरवांपर्यंत दिसत असे. तिला कोणी इतिहासांत घेतलें नाहीं; पण या मुलखांतला कापूस जितका तिच्या आईच्या ओटींतून बाजारांत गेला, तितकाच तिच्या कडेवरून गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तिच्या शाळेचें काय झालें, हें सांगण्याची गरज नाहीं.

जेथें अशी बहीणहि नसे, तेथें दुसरा एक उपाय होता, आणि त्याचें नांव काढतांना जीव कचरतो. मुंबईच्या गिरणगांवांत ‘बाळागोळी’ या गोंडस नांवानें जी गोळी तान्ह्यांस देत, तिच्यांत अफू असे. आई पाळीवर जातांना गोळी देई आणि मूल संध्याकाळपर्यंत गुंगींत पडून राही. हिंगणघाट आणि पुलगांव येथें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर तोच प्रश्न या जिल्ह्यांतहि आला. अफूची मात्रा देणाऱ्या आईस निर्दय म्हणणें फार सोपें आहे. तिला मैत्रीण नव्हती, सासू नव्हती, पाळणाघर नव्हतें, आणि एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची उपासमार होती. मध्यप्रांताच्या कायदेमंडळानें १९३० सालीं प्रसूतिसाहाय्याचा कायदा केला. १९३४ च्या कारखान्यांच्या कायद्यानें मजूर स्त्रियांच्या मुलांकरितां खोली ठेवण्याची सक्ति करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. कायदा आधीं झाला आणि खोली मागून, कोठें कोठें फारच मागून झाली.

शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या मुलांकडे पाहावें हा धर्म मात्र या प्रदेशांत कायद्याची वाट पाहत बसला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपूर-वर्धेकडे तान्हा पोळा भरतो. लहान लहान मुलें लांकडाचे नंदी दोरीनें ओढीत घरोघर जातात, आणि प्रत्येक घरून त्यांच्या हातावर ‘बोजारा’ म्हणून पैसा किंवा खाऊ पडतो. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर त्याच्या अवाढव्य नंद्यांमुळें प्रसिद्धच आहे. या सणाची थोरवी आम्हांस निराळ्याच गोष्टींत वाटते. ज्या मुलाला धड चालतां येत नाहीं, तेंहि त्या दिवशीं कोणाच्या तरी बोटाला धरून आळींतल्या प्रत्येक उंबऱ्यावर एकदां उभें राहतें, आणि हें कोणाचें लेंकरूं तें प्रत्येक घर पाहून ठेवतें. संक्रान्तीच्या बोरन्हाणाचेंहि तसेंच. बाळाच्या डोक्यावरून बोरें-चुरमुरे ओतावयाचे ते वेंचून घ्यावयास शेजारचीं पोरें नसतील तर त्या न्हाणाला अर्थ काय राहिला? आमच्या पूर्वजांनीं शेजारधर्मावर व्याख्यानें दिलीं नाहींत. त्यांनीं त्याला सणांत बसवून टाकलें.

आतां एका मोठ्या घराकडे वळूं. वर्ध्याच्या बजाजांच्या घरांतील राजकारण पुष्कळांनीं लिहिलें आहे. त्या घरांतील पाळणा कोणीं हलविला, हें पाहण्यासारखें आहे. जमनालालजी स्वतःच या घरांत परके मूल म्हणून आले. ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं सीकर संस्थानांतील काशी का बास या खेड्यांत त्यांचा जन्म झाला, आणि १८९४ सालीं, म्हणजे वयाच्या चार-पांच वर्षांचे असतां, वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनीं त्यांस नातू म्हणून दत्तक घेतलें. जन्मदात्या आईबापांनीं मोबदल्यांत स्वतःसाठीं कांहीं न मागतां गांवाकरितां विहीर मागितली, असें सांगतात. वाळवंटाच्या कडेच्या खेड्यांत विहिरीचें मोल काय तें आम्हां वऱ्हाडकडच्या लोकांस नीट कळणार नाहीं. तरीहि एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस पांच वर्षांचें पोर अशी ती तुला डोळ्यांपुढें आणली म्हणजे मनास चटका बसल्यावांचून राहत नाहीं. त्या पोरानें नव्या घरांत पहिल्या रात्रीं कोणाच्या कुशींत डोकें खुपसलें असेल? बच्छराजांच्या पत्नी सदीबाई यांनीं त्याला आपलें केलें, एवढें चरित्रकार सांगतात. पुढें सतराव्या वर्षीं दागिने घालण्याच्या वादावरून आजोबांशीं खटका उडतांच याच मुलानें सगळ्या संपत्तीवर पाणी सोडणारें पत्र लिहून घर सोडलें, आणि आजोबांना त्याची समजूत घालून त्याला परत आणावें लागलें. घर हें दिलें जातें तसें परतहि घेतलें जाऊं शकतें, ही जाणीव दत्तक मुलास इतरांहून लवकर होते कीं काय कोण जाणे.

जानकीदेवी या घरांत १९०२ च्या विवाहानें आल्या तेव्हां स्वतःच नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचीं मुलें १९१५ च्या आगेमागें आणि त्यानंतर झालीं: कमलनयन १९१५ सालीं, मदालसा १९१७ सालीं, आणि धाकटे रामकृष्ण २२ सप्टेंबर १९२३ रोजीं. या तारखा राजकीय घडामोडींच्या तारखांशेजारीं ठेवून पाहिल्या पाहिजेत. जमनालालजी १९२० च्या नागपूर काँग्रेसचे स्वागताध्यक्ष होते. १९२१ च्या एप्रिलांत विनोबा वर्ध्यास आश्रम चालविण्यास आले. १९२३ च्या जूनमध्यें नागपूरच्या झेंडासत्याग्रहांत जमनालालजींस अटक होऊन अठरा महिन्यांची शिक्षा आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंडासाठीं जप्त केलेल्या मोटारीस नागपुरांत गिऱ्हाईक मिळेना, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मोटार कोणी विकत घेतली नाहीं हें सर्वांस ठाऊक असतें. त्याच जूनमध्यें घरांत जानकीदेवींस सहावा महिना होता, हें कोणी सांगत नाहीं. सप्टेंबरांत सरकारनें सत्याग्रही कैदी मुदतीपूर्वीं सोडले, आणि त्याच महिन्यांत रामकृष्णांचा जन्म झाला. मुदत पुरी भरावी लागती तर मूल चालूं लागल्यावरच बापाची आणि त्याची भेट होती.

अशा घरांत मुलें वाढतात तीं कशीं? बजाजांच्या घरीं नोकरचाकर होते, हें प्रथमच कबूल करून टाकलें पाहिजे. पैशानें मिळणारी मदत आणि मैत्रीनें मिळणारी मदत यांत इतिहासकारानें गल्लत करूं नये. श्रीमंताच्या मुलास खेळविणाऱ्या दाईचें स्वतःचें मूल त्या वेळीं कोणाजवळ असे, हाहि प्रश्न आहेच, आणि त्याचें उत्तर बहुधा पुन्हा त्या कलून उभ्या असलेल्या पोरीपाशींच जातें. परंतु पैशानें न मिळणारी मदतहि या घरास मोठी मिळाली. विनोबांसारखा कडक ब्रह्मचारी मुलांचा गुरु झाला. कमलनयन आणि मदालसा यांचें शिक्षण त्यांच्यापाशीं झालें. वर्ध्यास येणारा प्रत्येक पुढारी बजाजवाडींत उतरे, आणि त्या पाहुण्यांच्या वर्दळींत मुलें कोणाच्याहि मांडीवर वाढलीं. जानकीदेवींनीं पडदा सोडला, दागिने सोडले, १९२१ नंतर विदेशी कापड जाळलें, खादी धरली. त्यांच्या ‘मेरी जीवन यात्रा’ या आत्मवृत्तांत त्या ज्या मोकळेपणानें आपल्या अज्ञानाविषयीं आणि भित्रेपणाविषयीं बोलतात, तो मोठमोठ्या पुरुषांच्या आत्मचरित्रांत आढळत नाहीं. देशासाठीं दागिने देणें सोपें असतें असें नव्हे. पण दागिना एकदां दिला कीं दिला. मूल रोज द्यावें लागतें.

गांधीजी १९३४ सालीं वर्ध्यास आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजीं शेगांवीं गेले. (शेगांवचें सेवाग्राम हें नांव १९४० सालचें.) त्यांच्या भोंवतीं मुलें असत, हें छायाचित्रांवरून सर्वांस ठाऊक आहे. त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध चित्र, ज्यांत एक मुलगा काठीचें टोंक धरून आजोबांना ओढीत नेतो, तें सेवाग्रामचें समजून पुष्कळ ठिकाणीं टांगलेलें असतें. वस्तुतः तें १९३७ सालीं मुंबईच्या जुहूच्या किनाऱ्यावर घेतलेलें आहे. तो मुलगा रामदास गांधींचा कानम. लहान मुलांविषयीं गांधीजींचें ज्ञान पुस्तकीहि होतें आणि हाताचेंहि होतें. आत्मकथेंत ते सांगतात कीं दक्षिण आफ्रिकेंत असतां आईस उपदेश करणारें एक गुजराती पुस्तक त्यांनीं अभ्यासिलें, धाकट्या मुलाच्या जन्मवेळीं वेळेवर कोणी न मिळाल्यामुळें प्रसूतीचें काम स्वतः पार पाडलें, आणि दोन धाकट्या मुलांचें संगोपन त्या पुस्तकाच्या आधारें केलें. पहिल्या पांच वर्षांत मूल जें शिकतें तें पुढें कधींच शिकत नाहीं, हें त्यांचें मत तेथेंच आलें आहे. वकिलानें बाळंतपणाचें पुस्तक वाचावें ही गोष्ट १९०० सालीं विलक्षणच होती. मात्र या ज्ञानानें कस्तुरबांचें ओझें किती हलकें झालें, याविषयीं आम्हांस शंका आहे. प्रयोग करणारा एक असतो आणि त्या प्रयोगाची भांडीं घासणारें दुसरेंच कोणी असतें.

१९३७ च्या परिषदेंतून जी मूलोद्योग-शिक्षणाची योजना निघाली, तिच्यांत मूल सात वर्षांचें झाल्यावर प्रवेश होता. सातांच्या खालच्या मुलाचें काय, हें योजनेंत नव्हतें. १९३८ सालीं हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. सिंहलद्वीपचे आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी हे दोघे शांतिनिकेतनांतून येऊन वर्ध्यास स्थायिक झाले होते, त्यांच्या हातीं त्याचा कारभार आला. सेवाग्रामांत शाळा सुरू झाल्यावर जो अनुभव आला, तो खेड्यांतल्या कोणत्याहि शिक्षकास अपरिचित नाहीं. सात वर्षांची मुलगी शाळेंत यावी, तर तिच्या कडेवरचें भावंड कोठें ठेवावें? तिला एकटीला बोलावलें तर ती येऊं शकत नाहीं. दोघांना बोलावलें तर शाळेचा पाळणा होतो. म्हणजे शिक्षणाचा प्रश्न तकलीनें सुटत नव्हता, तो त्या दोन वर्षांच्या पोरानें अडवून धरला होता. ‘पूर्व-बुनियादी’ म्हणून जें शिक्षण पुढें सेवाग्रामांत आकारास आलें, त्याचा विचार करतांना तत्त्वज्ञानाइतकीच ही अडचणहि ध्यानांत ठेवली पाहिजे.

१९४४ च्या मे महिन्यांत तुरुंगांतून सुटल्यावर गांधीजींनीं शिक्षणाची व्याप्ति वाढवून ती गर्भधारणेपासून मरणापर्यंत नेली, आणि १९४५ च्या जानेवारींत सेवाग्रामास भरलेल्या परिषदेंत प्रौढ, पूर्व-बुनियादी, बुनियादी आणि उत्तर-बुनियादी असे चार टप्पे मानले गेले. सातांखालच्या मुलांचें काम शांता नारुळकर यांनीं हातीं घेतलें. त्यांच्या कामाचें वर्म असें कीं मुलाची सुरुवात त्यांनीं त्याच्या घरापासून केली. आंघोळ, नखें, केंस, पिण्याचें पाणी, अन्न, अंगणांतली घाण, हा त्यांचा पहिला अभ्यासक्रम; बाग, कापूस निवडणें, गाणें, गोष्टी हा त्यानंतरचा. याच सुमारास मुंबईकडे ताराबाई मोडक त्याच टोंकाकडे दुसऱ्या वाटेनें येत होत्या. अमरावतीचा संसार मागें ठेवून त्या लहान मुलीसह गुजरातेंत गेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें, १९२६ सालीं नूतन बालशिक्षणसंघ निघाला, आणि १९४५ सालीं बोर्डीस त्यांनीं खेड्यांतली बालवाडी उघडली. माँटेसोरीबाईंचीं महागडीं साधनें खेड्यांत परवडणार नाहींत, म्हणून शंख, शिंपले, बिया, पानें यांवर काम चालवावें, असा तो प्रयोग होता. मूल बालवाडींत येत नसेल तर बालवाडीच मुलाच्या अंगणांत न्यावी, यांतून ‘अंगणवाडी’ हा शब्द निघाला. तो रूढ करण्याचें श्रेय ताराबाईंकडे जातें. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेनें तो शब्द साऱ्या देशांत नेला.

सेवाग्रामच्या या बालकांच्या कथेंत एक दुःखाची जागा आहे, ती वगळून पुढें जाववत नाहीं. आर्यनायकम्-आशादेवींचा लहान मुलगा सेवाग्रामांतच गेला. सभोंवार एवढें मोठें कुटुंब, एवढे प्रेमळ हात, आणि तरीहि. त्यानंतर आशादेवी सेवाग्राम सोडून गेल्या नाहींत. गांवच्या मुलांचें काम त्यांनीं पुढें कैक वर्षें केलें. कस्तुरबांच्या निधनानंतर, १९४४ च्या सुमारास, डॉ. सुशीला नय्यर यांनीं सेवाग्रामांत स्त्रिया आणि मुलें यांसाठीं एक लहानसा दवाखाना सुरू केला. आज तेथें मोठें रुग्णालय आणि १९६९ सालीं निघालेलें वैद्यकीय महाविद्यालय आहे. या संस्थांच्या इतिहासांत आंकडे पुष्कळ आहेत. ज्या मुलांसाठीं दवाखाना फार उशिरां उघडला, त्यांचा आंकडा त्यांत नाहीं.

आतां ज्या घरासाठीं वस्तुतः हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतों. मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें झाला. वकिली, शिकार, मोटार, जहागीरदारी सर्व असलेला हा तरुण सेवाग्रामच्या वाऱ्यानें बदलला. १८ डिसेंबर १९४६ रोजीं त्यांचा विवाह नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या घरांतील इंदू यांच्याशीं झाला, त्याच साधनाताई. सोंवळ्यांत वाढलेली ही मुलगी लग्नानंतर वरोऱ्यास श्रमाश्रमांत आली. तेथें वेगवेगळ्या जातींचीं कष्टकरी कुटुंबें एकत्र राहून कमाई एकत्र करीत. १९४७ सालीं विकास आणि २६ डिसेंबर १९४८ रोजीं, म्हणजे बापाच्याच वाढदिवशीं, प्रकाश, अशीं दोन मुलें झालीं. इतक्यांत महारोगानें सडलेला तुळशीराम बाबांना भेटला आणि पुढचें सर्व बदललें. १९४९ सालीं बाबा या रोगाचें शिक्षण घेण्यास कलकत्त्यास गेले, तेव्हां थोरला दोन वर्षांच्या घरांत होता आणि धाकटा रांगत होता.

१९५१ च्या जूनमध्यें वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ जमिनीवर आनंदवन उभें राहिलें. आरंभीचें भांडवल मराठी वाचकांस पाठ आहे: सहा महारोगी, एक लंगडी गाय, आणि चौदा रुपये. या यादींत दोन लहान मुलांचीहि गणना होते, पण सामान मोजतांना गाडींतलीं भांडीं मोजावीं तशी. आम्हांस वाटतें कीं त्या यादींतली सर्वांत अवघड बाब तीच होती. थोरला चार वर्षांच्या आंतला. धाकटा अडीच वर्षांचा, म्हणजे ज्या वयांत मूल दिसेल त्याच्या अंगावर चढतें, दिसेल त्याच्या ताटांत हात घालतें, त्या वयाचा. जमिनींत विंचू-सर्प, रात्रीं कुत्रीं उचलून नेणारीं श्वापदें, पाणी नाहीं, विहीर अजून खणावयाची. आणि शेजार म्हणून जे होते, ते सारे महारोगी.

हा धोका नुसता लोकभ्रम नव्हता, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. बहुतेक माणसांच्या अंगीं या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ति निसर्गतः असते आणि तो दीर्घ सहवासावांचून सहसा लागत नाहीं, हें आज आपण जाणतों. डॅप्सोन हें औषध त्या वेळीं नुकतेंच हातीं आलें होतें. परंतु मुलांस हा रोग मोठ्यांहून अधिक जडतो, हेंहि वैद्यकास ठाऊक होतें, आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणीं महारोग्यांचीं निरोगी मुलेंसुद्धां आईबापांपासून दूर ठेवीत. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ पासून कुष्ठधाम चालविलें होतें; तें काम या मुलखास नवें नव्हतें. पण दिवाण हे विनोबांच्या मंडळींतले ब्रह्मचारी. दोन दुडदुडणारीं मुलें घेऊन त्याच कामांत शिरणें ही निराळीच गोष्ट होती. बाबांचा निश्चय जगानें वाखाणला आहे. त्यांनीं आपल्या अंगांत रोगाचे जंतू टोंचून घेतले, ही कथाहि प्रसिद्ध आहे. स्वतःचें शरीर पणास लावणें हें धैर्य आहे. साधनाताईंनीं रोज सकाळीं उठून मुलांना अंगणांत सोडलें. या धैर्यास आमच्याजवळ शब्द नाहीं, आणि तें बरोबर होतें कीं चूक हें ठरविण्याचाहि आम्हांस अधिकार नाहीं.

शेजार मात्र शेजारासारखा वागला. ज्यांना त्यांच्या स्वतःच्या गांवांनीं हांकून दिलें होतें, ज्यांच्यापैकीं कित्येकांना आपलीं मुलें पुन्हां कधीं दिसणार नव्हतीं, अशा माणसांमध्यें हीं दोन मुलें वाढलीं. बोटें झडलेल्या हातांनीं विहीर खणली गेली, त्याच हातांनीं भाजी लावली गेली, आणि त्या हातांच्या सावलींत तीं खेळलीं. बाहेरचें जग तेव्हां दूर उभें होतें. आनंदवनाचें दूध, भाजी वरोऱ्याच्या बाजारांत कोणी घेईना. सेवाग्रामजवळच्या शिबिरासाठीं परदेशांतून आलेले सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे तरुण स्वयंसेवक आनंदवनांत राहिले, त्यांनीं तेथें इमारत बांधली, तेथली भाजी खाल्ली, आणि तें पाहिल्यावर गांवकऱ्यांची भीति ओसरूं लागली. गोऱ्या माणसानें खाल्लेली भाजी निर्धोक ठरावी, आणि दोन मराठी मुलें रोज तीच खात होतीं तें कोणाच्या नजरेस पडूं नये, यांतली विसंगति स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांतली आहे. तिजवर अधिक भाष्य करीत नाहीं.

साधनाताईंनीं पुढें ‘समिधा’ या आत्मवृत्तांत आपल्या संसाराची हकीकत लिहिली आहे. ज्यांनीं बाबांचीं चरित्रें वाचलीं आहेत त्यांनीं हें पुस्तक त्यांच्या शेजारीं ठेवून वाचावें. चरित्रांत जेथें आनंदवनाची वाढ एकरांत आणि इमारतींत मोजलेली असते, तेथें या पुस्तकांत चूल, गाय, आजारपण, पाहुणे आणि मुलें यांचा हिशेब आहे.

तीं दोन्ही मुलें डॉक्टर झालीं. थोरल्यानें आनंदवन सांभाळलें. धाकट्यानें १९७३ च्या डिसेंबरांत भामरागडच्या रानांत हेमलकसा येथें बिऱ्हाड केलें. बरोबर पत्नी डॉ. मंदाकिनी. तेथें वीज नव्हती, पावसाळ्यांत नद्यांमुळें वाट बंद होई, आणि शेजार होता माडिया गोंडांचा, जे आरंभीं जवळहि येईनात. यथाकाल त्यांच्या घरांतहि मुलें झालीं. तीं माडियांच्या मुलांबरोबर खेळलीं, त्यांच्याच शाळेंत त्यांच्याबरोबर बसलीं, आणि अंगणांत बिबट्याचीं पिल्लें आणि अस्वलें होतीं.